पूररेषा

मला फक्त एक रेघ ओढायची होती.
तांबड्या रंगाचा डबा, दोन इंची ब्रश,
तिकाटण्यावरचं यंत्र, आणि खिशात पत्र :
'पूररेषा कायमस्वरूपी दर्शविण्यात यावी.'

पत्रात एकवचन होतं.
गावभागातल्या त्या उताराच्या बोळात
सकाळी आठ वाजता तिघं उभे होते.

सिद्राम आंबीनं हात वर केला,
विजेच्या तारेखाली वीतभर.
'हितं.'
मी म्हटलं, एवढं पाणी कसं येईल, आंबी?
'पानी न्हाई सांगत, बाई. माजं डोस्कं सांगतोय.
नावंत हुबा हुतो. मागं सात मान्सं, एक शेळी.
तार हितनं गेली.
वाकलो म्हनून ऱ्हायलो.'

मगदूम अण्णांनी गुडघा दाखवला.
बियाण्यांचं दुकान त्यांचं. विम्याच्या माणसाला
यांनीच छातीइतकं पाणी लिहून दिलेलं,
त्या कागदावर माझीही सही आहे.
मी काही बोलायच्या आत म्हणाले,
'दुकान काढलंय विकायला. लेक पुण्याला बोलवत्येय.
एवढ्या उंच रेघेखाली, मॅडम,
गिऱ्हाईक उभं तरी राहील का?'
मनातल्या मनात मी त्यांना खोटारडा लिहून ठेवलं होतं.
तो शब्द तसाच राहिला,
पण आता त्याच्या शेजारी पुण्याची गाडी उभी होती.

जैबुन मुजावर काही दाखवेनाच.
'आत या,' म्हणाली.
आत मातीची भिंत. तीन फळ्या.
दारातून यंत्र लावलं : दुसरी फळी, वर चार बोटं.
ती म्हणाली, तिसरी.
मी पुन्हा लावलं. दुसरी.
'तुमचं बरोबर आहे,' ती म्हणाली,
'पाणी दुसरीलाच थांबलं. सात दिवस होतं, गेलं.
मग भिंतीतनं ओल चढली. ती दिवाळीपर्यंत चढत होती.
तिसऱ्या फळीवर लोकांचे शिवायला आलेले कपडे होते.
ते कुणी कुजवले, ते लिवा की.'

माझ्या वहीत ओलीला रकाना नाही.

मग आंबीनंच विचारलं, सहज,
तंबाखू मळता मळता,
'तवा तुमी कुटं हुता?'

मी आयर्विन पुलावर होते.
रेनकोट, टॉर्च, बिनतारी संच.
दर तासाला फूट सांगायचे, इंच सांगायचे.
कोयनेचा विसर्ग वाढला की आवाज न चढवता सांगायचे.
ते सात दिवस
माझे पाय कोरडे होते.

कुणी काही बोललं नाही.
जैबुननं चहा टाकला.

रेघ शेवटी यंत्रानं सांगितली तिथंच ओढली.
पट्टी आंबीनं धरली, माझ्या शिपायापेक्षा सरळ.
अण्णांनी दुकानातून दोरी आणली,
ओळंबा लावून बघितला,
आणि मुकाट्यानं म्हणाले,
'अर्धा इंच डावीकडं उतरलीय.'
उतरली होती.

अहवालात 'शेरा' म्हणून दोन बोटं जागा असते.
त्यात तार मावेना, ओल मावेना, पुणं तर नाहीच.
कागद उलटा करून पाठीवर लिहिलं.
साहेब पाठ बघत नाहीत, ठाऊक आहे.

डब्याला झाकण लावत होते
तर आंबी घाटाकडनं ओरडला,
'बाई, हिकडनं काय दिसत न्हाई!'
म्हटलं, रस्त्यावरून दिसते की ठळक.
'रस्त्यावरनं कोन येनार त्या दिवशी?
रस्ता पान्याखाली.
येनार त्यो नदीकडनं, नावंतनं.'

खाली उतरले. त्याच्या शेजारी उभी राहिले,
पहिल्यांदाच, नदीला पाठ करून.
तोच बोळ, तीच भिंत.
रेघ कुठंच नव्हती.

झाकण काढलं. ब्रश अजून ओला होता.